लघु व्यावसायिक आणि समूह आरोग्यविमा

लवासा उभारणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नोकरी सुटताच समूह विम्याचे संरक्षणही संपते, हे मुळशी परिसरातील वैद्य व औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे. समूह विम्यात जुन्या व्याधींसाठीचा प्रतीक्षाकाळ अनेकदा माफ होतो. वैयक्तिक विम्यात तो ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविमा वस्तू व सेवा करातून मुक्त झाला. समूह विम्यावर १८ टक्के कर राहिला. १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर चिकित्सापद्धतींच्या बरोबरीने संरक्षण देण्याचे निर्देश आहेत. तरीही पंचकर्माविषयीच्या अटी तपासाव्यात. सेवक व्याधिग्रस्त असल्यास समूह विमा, निरोगी व तरुण असल्यास वैयक्तिक विमा हितकर ठरतो. नोकरी सोडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची सोय सेवकास आधीच समजावून सांगणे, हे आपले कर्तव्य होय.