एका माजी बीटलची मदतीची तबकडी

सूरजागडच्या पहाडावरून लोहखनिज घेऊन निघालेले ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असा रस्ता धरून कोनसरीकडे जातात. या रस्त्याच्या आजूबाजूला, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत, काही गावांत चौकातल्या गप्पा बंगालीत चालतात, घरामागे मासळीची तळी असतात आणि नवरात्रात दुर्गापूजेचे मांडव पडतात. ही कुटुंबं मूळची पूर्व बंगालची. बहुतेकांना १९६०च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसवलं; गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. मागे राहिलेल्या त्यांच्या मुलखावर १९७१मध्ये जे कोसळलं, त्यावर एक इंग्रजी गाणं निघालं. पॉप संगीतातलं पहिलं मदतगीत म्हणून त्याचं नाव घेतात. गाण्याचं नाव ‘बांगला देश’, गायक जॉर्ज हॅरिसन.

त्याचा ‘बीटल्स’ हा गट १९७० साली फुटला होता. हॅरिसन एकटा गाऊ लागला होता आणि त्याची चलती होती. मुंबईशी त्याची ओळख जुनी. १९६६मध्ये तो ताजमहाल हॉटेलात उतरून रविशंकरांकडे सतार शिकला, आणि जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. रविशंकरांचं घराणं मूळचं जसोरकडचं, गुरू अल्लाउद्दीन खाँ ब्राह्मणबाडियाचे. म्हणजे दोन्हीकडून पूर्व बंगालच. नोव्हेंबर १९७०च्या चक्रीवादळात तिथे लाखो माणसं गेली, मार्च १९७१पासून पाकिस्तानी लष्कराने कत्तल मांडली आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. एखादी मैफल करून पंचवीसेक हजार डॉलर जमवावेत, एवढाच रविशंकरांचा विचार होता. त्यांनी तो आपल्या मित्राच्या, हॅरिसनच्या, कानावर घातला. मित्राने थेट न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन ठरवलं आणि मैफलीआधी लोकांना विषय कळावा म्हणून ‘बांगला देश’ची तबकडी काढली.

जुलैच्या सुरुवातीला लॉस एंजलिसमध्ये ध्वनिमुद्रण झालं आणि महिना संपायच्या आत तबकडी बाजारात आली. अमेरिकेचं सरकार तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने होतं आणि बांगलादेशला कोणत्याही देशाची मान्यता नव्हती. भारताची मिळाली ती ६ डिसेंबरला. अशा वेळी ते नाव तबकडीच्या लेबलावर छापणं ही छातीचीच गोष्ट. ब्रिटनच्या यादीत गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं.

गंमत म्हणजे मूग सिंथेसायझर हे विजेवर आवाज घडवणारं यंत्र हौसेने विकत घेणाऱ्या पहिल्या काही पॉप कलाकारांत हॅरिसन होता. १९६९मध्ये त्याने नुसत्या त्या यंत्राच्या आवाजांचा ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’ हा अल्बम काढला, ‘अ‍ॅबी रोड’मध्येही ते वापरलं. पण ‘बांगला देश’मध्ये पियानो, सॅक्सोफोन, गिटार आणि ड्रम. तेव्हाचं मूग म्हणजे वायरींचं जंजाळ. एका वेळी एकच सूर वाजायचा आणि प्रत्येक नवा आवाज वायरी बदलून जुळवावा लागायचा.

पुढच्या तेरा वर्षांत यंत्र बदललं. ‘स्लिक’ या पॉप गटातून पुढे ‘अल्ट्राव्हॉक्स’मध्ये गेलेल्या मिज युरने १९८४ साली इथिओपियाच्या दुष्काळासाठीच्या ‘बँड एड’ गाण्याचा बराचसा साज घरच्या स्टुडिओत सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर रचला. मदतगीत काढायचं तर ते झटपट आणि कमी खर्चात व्हायला हवं. सिंथेसायझरने दोन्ही साधलं. २५ नोव्हेंबरला नामवंत गायक येऊन गाऊन गेले आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच तबकडी दुकानात होती. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकमंडळींना हे वेगळं सांगायला नको. ऑर्गनशेजारी ऑक्टोपॅड आला की एकटा माणूस ताशापासून विजेच्या कडकडाटापर्यंत सगळं उभं करतो.

पुन्हा हॅरिसनकडे येऊ. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्या मैफलीचे दोन खेळ झाले, सुमारे ४०,००० लोक आले. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं जुळवत होते, तर लोकांनी तेवढ्यावरच टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल, असं रविशंकर हसून म्हणाले आणि ‘बांगला धुन’ सुरू झाली.

तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर लगेच युनिसेफला गेले. घोळ झाला तो मैफलीच्या अल्बम आणि चित्रपटाच्या पैशांत. मदतसंस्थेला कागदोपत्री आधीच सामील करून घ्यायचं राहून गेलं होतं, त्यामुळे अमेरिकेच्या कर खात्याने हे पैसे धर्मादाय धरले नाहीत. मोठी रक्कम वर्षानुवर्षं अडकून पडली. १९८५पर्यंत सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर पोचले, तोवर निर्वासितांच्या छावण्या उठून तेरा वर्षं झाली होती. त्याच वर्षी ‘लाइव्ह एड’ या मदतमैफलीची जुळवाजुळव करताना ‘बँड एड’मधला युरचा साथीदार बॉब गेल्डॉफने हॅरिसनला विचारलं, तेव्हा त्याने पैसा नेमक्या माणसांपर्यंत कसा पोचवायचा याचा बारकाईने सल्ला दिला.