टाकी कुठे बसवायची?

विमानवाहू नौकेवरच्या लढाऊ विमानात इंधनाला जागा काढणे मोठे जिकिरीचे असते. डेकवर दाटीने उभे राहता यावे म्हणून बहुतेक विमानांचे पंख दुमडते ठेवावे लागतात, आणि दुमडत्या पंखात मोठी टाकी बसवणे कठीण. परतीच्या वेळेपर्यंत नौकाही जागची हललेली असते, तेव्हा शोधापुरते इंधन हाताशी लागते. अपुऱ्या लांबीच्या डेकवरून उडायचे तर वजन मात्र बेताचेच हवे.

दुसऱ्या महायुद्धात यात आगीची भर पडली. जपानच्या झीरो विमानाचा पल्ला प्रचंड होता. पण त्याच्या टाक्यांच्या संरक्षणावर वजन खर्चच केलेले नव्हते. गोळी लागताच ते पेटे. अमेरिकी टाक्यांना रबराचे अस्तर आले. त्यातला एक थर कच्च्या रबराचा असे. गोळीच्या भोकातून पाझरणारे पेट्रोल लागले की तो फुगून भोक बुजवी. बदल्यात वजन वाढले, टाकीतली जागा घटली. कोर्सेअर विमानात तर पंखांत बंदुका वाढवल्यावर इंधन धडात आणावे लागले. सुमारे ९०० लिटरची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात बसली, कॉकपिट मागे सरकले आणि लांब नाकाआड उतरताना डेकच दिसेना. टाकी वाचली, पण हे विमान नौकेवर रुळायला वेळ लागला.

जेट इंजिन आल्यावर वेगळाच पेच उभा राहिला. इंजिन धडाच्या मध्यावर ठेवले तर धुराड्याची लांब नळी शेपटापर्यंत न्यावी लागे. मागचे धड तिनेच अडे. ब्रिटनच्या हॉकर कंपनीने सी हॉकमध्ये ही नळी दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर काढली. मागचे धड मोकळे झाले आणि तिथे टाकी बसली. इंजिनाच्या पुढेमागे इंधन असल्याने ते जळत गेले तरी विमानाचा तोल फारसा ढळत नसे. इतकी सुटसुटीत युक्ती क्वचितच पाहायला मिळते. गोव्यातल्या नौदल विमानसंग्रहालयातल्या सी हॉकच्या पंखांच्या मुळाशी ही दोन तोंडे आजही दिसतात.

भारतीय नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या तुकडीची ही विमाने १९६१ साली मुंबईत आलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर होती. पल्ला वाढवायला पंखांखाली जादा टाक्या टांगता येत, पण टाकी टांगली की तेवढी बॉम्ब-रॉकेटांची जागा जाई. १९७१च्या युद्धात हा हिशेब आणखी आवळला गेला. बॉयलरच्या बिघाडामुळे ‘विक्रांत’चा वेग मर्यादित होता आणि नौकेच्या वेगामुळे डेकवर मिळणाऱ्या समोरच्या वाऱ्यावर उड्डाणाचे वजन ठरते. तरीही ४ डिसेंबरला सी हॉकांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले.

१९८३ मध्ये सी हॅरियर आले आणि सी हॉक निवृत्तीला लागले. गोव्याच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर २०१० मध्ये दाखल झालेल्या मिग-२९के विमानात जागेचा शोध पुन्हा दिसतो. मूळ मिग-२९ मध्ये धावपट्टीवरचे खडे इंजिनात जाऊ नयेत म्हणून पंखांच्या मुळाशी, वरच्या अंगाला हवेच्या झडपा होत्या. नौदलाच्या आवृत्तीत त्या काढून ती पोकळी इंधनाला दिली. शिवाय एका मिगने दुसऱ्याला हवेतच इंधन पाजण्याची सोय केली.