देवमाशाचा पत्ता

धाराशिवच्या (पूर्वीच्या उस्मानाबादच्या) एखाद्या शाळेच्या गच्चीवर उभे राहून पश्चिमेकडे कितीही टाचा उंचावल्या, तरी समुद्र दिसायचा नाही. सरळ रेषेत मोजला तरी तो सुमारे ३०० कि.मी. दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. या जिल्ह्यात पडणारे पाणीसुद्धा अरबी समुद्राकडे पाठ फिरवूनच वाहते. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला; सीना आणि बोरी भीमेला मिळतात आणि भीमा कृष्णेला. शेवटी सगळे पाणी बंगालच्या उपसागरात. मग धाराशिवच्या मुलांनी अरबी समुद्रातल्या देवमाशांची चौकशी कशाला करावी?

कारण एकच वारा दोघांनाही जेवू घालतो.

जून महिन्यात तुमच्या घरची माणसे ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसतात, तो वारा तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी आफ्रिकेतील सोमालिया आणि अरबस्तानातील ओमान यांच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर असा वेगाने वाहतो. वारा पाण्याला ढकलतो, हे तर उघडच आहे. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थराचे पाणी सरळ वाऱ्याच्या दिशेने न जाता त्याच्या उजवीकडे सरकते. ओमानच्या बाबतीत उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर, भर समुद्राकडे. वरचे पाणी असे निघून गेले की रिकामी होणारी जागा भरून काढण्यासाठी खोलातले थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असे क्षार भरपूर असतात. जणू समुद्रतळाकडून शेतात खतच टाकले जाते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या वनस्पतींवर कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांच्यावर तारलीसारखे मासे, आणि या सर्वांवर देवमासे. पुढे हाच वारा सह्याद्री चढतो, कोकणात धो धो कोसळतो आणि उरलेसुरले बाष्प घेऊन धाराशिवला येतो. तुमच्या वाट्याला पाऊस कमी का येतो हे तुम्ही भूगोलात शिकलाच आहात.

या वाऱ्याशी तुमच्या जिल्ह्याची ओळख फार जुनी आहे. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात तगरचे नाव येते. तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई, आणि ते विकत घेणारी जहाजे याच मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून येत.

त्याच समुद्रातून जाणाऱ्या खलाशांची देवमाशांशी पडलेली गाठही जुनीच. इ. स. पू. ३२५ मध्ये सिकंदराचा सरदार निआर्कस सिंधूच्या मुखाकडून मकरानच्या किनाऱ्याने जहाजे नेत असता समोरून पाण्याचे फवारे उडताना दिसले. हे देवमासे आहेत असे कळताच वल्हेकऱ्यांच्या हातातली वल्ही गळून पडली! निआर्कसने सगळ्यांना ओरडायला आणि कर्णे फुंकायला लावून जहाजे थेट त्यांच्या अंगावर घातली. बिचारे देवमासे बुडी मारून निघून गेले.

आता आपला खरा प्रश्न. वाघाचे जंगल आपल्याला दाखवता येते, माळढोकाचे माळरान दाखवता येते. देवमाशाचे घर कसे दाखवणार? समुद्राला ना बांध ना कुंपण. शिवाय हा प्राणी (तो मासा नव्हे, आपल्यासारखाच फुप्फुसाने श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी, हे तुम्हाला ठाऊक आहेच) श्वासापुरता क्षणभर वर येतो, पाठ दाखवतो आणि दिसेनासा होतो. एका ठिकाणी देवमासा दिसला म्हणजे ते त्याचे घर ठरत नाही. एस. टी. स्टँडवर माणूस दिसला म्हणून तो स्टँडवर राहतो असे आपण म्हणतो का? म्हणून शास्त्रज्ञ ‘दिसला कुठे?’ एवढ्यावर न थांबता ‘तिथे तो काय करत होता?’ असे विचारतात. खात होता का? तिथे पिले होतात का? की ती फक्त त्याची वाट आहे? तोच कळप तिथे वर्षानुवर्षे राहतो का?

या प्रश्नांची उत्तरे अरबी समुद्रातील एका देवमाशाबद्दल मिळाली, ती मात्र फार वाईट मार्गाने.

कुबडा देवमासा (हंपबॅक) हा जगभर लांब प्रवासासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात तो ध्रुवाजवळच्या थंड पाण्यात पोटभर खातो आणि हिवाळ्यात विषुववृत्ताजवळच्या उबदार पाण्यात येऊन पिलांना जन्म देतो. अरबी समुद्रात तो अधूनमधून दिसे. दक्षिणेकडून आलेला पाहुणा असेल, असे अनेकांना वाटे. १९६६ च्या नोव्हेंबर महिन्यात सोव्हिएत रशियाच्या शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांजवळ सुमारे २४० कुबडे देवमासे मारले. ही शिकार नियमबाह्य होती आणि ती तब्बल ३० वर्षे दडवून ठेवली गेली. पुढे सोव्हिएत संघ कोसळला आणि १९९७ साली यूरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने ती माहिती प्रसिद्ध केली.

जहाजांवरच्या नोंदींत प्राण्यांच्या पोटात काय सापडले हे लिहिलेले होते. मासे आणि कोळंबीसारखे जीव! म्हणजे हे देवमासे उबदार समुद्रात नुसते मुक्कामाला आले नव्हते, ते इथेच जेवत होते. माद्यांच्या पोटातील गर्भांची लांबीही नोंदलेली होती. दक्षिण गोलार्धातले देवमासे आणि उत्तर गोलार्धातले देवमासे यांच्या पिलांचा हंगाम साधारण सहा महिन्यांनी मागेपुढे असतो, कारण त्यांचे ऋतूच उलटे. या गर्भांची वाढ उत्तरेच्या हंगामाशी जुळत होती. म्हणजे ते दक्षिणेचे पाहुणे नव्हेत. आणि उत्तरेकडच्या ध्रुवाकडे जावे तर आशिया खंड आडवा पडलेला. निष्कर्ष एकच: हे देवमासे बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. ओमानजवळ मोसमी वाऱ्याने वाढलेले ताट इतके भरलेले असते की त्यांना ध्रुवापर्यंत जायची गरजच पडत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीतून असे दिसले की, हा गट सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळा पडला आहे. आणि ओमानच्या किनाऱ्यावर काढलेल्या छायाचित्रांवरून तिथली त्यांची संख्या अंदाजे ८२ निघाली होती. तुमच्या वर्गांच्या दोन तुकड्या भरतील एवढीच!

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानच्या मसिरा उपसागरात एका मादीच्या पाठीवर कृत्रिम उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवण्यात आले. तिच्या शेपटीवरची नक्षी ऊदाच्या झाडासारखी दिसते, म्हणून तिचे नाव ‘लुबान’. आपण धुपाटण्यात टाकतो तो लोबान या शब्दाचा हा मूळ अरबी अवतार. आधी यंत्र लावलेले बहुतेक देवमासे ओमान-येमेनच्या किनाऱ्यालगतच फिरले होते. लुबान मात्र तडक पूर्वेला निघाली, सुमारे १५०० कि.मी. समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, तिथून केरळच्या किनाऱ्याने भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. एका मादीने, कुणालाही न विचारता, आपला किनाराही त्यांच्या घरातलाच आहे हे सांगितले.

आता आपल्या घराजवळ येऊ. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला कुबड असलेला एक डॉल्फिन राहतो. काही मच्छीमार त्याला ‘गादा’ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सूसा प्लंबिया. प्लंबिया म्हणजे शिशाच्या रंगाचा. हा भर समुद्रात जाणारा नव्हे. उथळ पाणी, नद्यांची मुखे, किनाऱ्यापासून थोडेच अंतर, एवढीच त्याची अरुंद पट्टी. पण त्याच पट्टीत आपली जाळी, आपल्या बोटी, आपली बंदरे आणि आपले सांडपाणी! म्हणूनच हा डॉल्फिन जगात संकटग्रस्त मानला जातो.

गेल्या काही वर्षांत इथे काही तरुण अभ्यासकांनी काम केले. त्यांची पद्धत वरवर पाहता कंटाळवाणी वाटेल. नकाशावर आधीच आखलेल्या रेषांवरून बोट ठरलेल्या वेगाने न्यायची आणि डोळ्यांत तेल घालून पाहायचे. जिथे हमखास डॉल्फिन दिसतात तिथेच जायचे नाही, कारण मग नकाशा डॉल्फिनचा न होता आपल्या आवडीचा होतो. दिसलेल्या प्रत्येक डॉल्फिनच्या पाठीवरील पराचे छायाचित्र घ्यायचे. त्या परावरच्या खाचा, ओरखडे, डाग हे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. त्यावरून तोच डॉल्फिन पुन्हा ओळखता येतो.

ओळखून मोजणी कशी होते? उस्मानाबादी शेळीचेच उदाहरण घ्या. समजा, माळावर एक मोठा कळप चरतो आहे आणि बहुतेक शेळ्या काळ्याभोर. त्यातल्या २० शेळ्यांच्या शिंगांना तुम्ही चुना लावला आणि सोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी २५ शेळ्या दिसल्या, त्यांत चुन्याच्या ५. म्हणजे पाचातली एक खुणेची. खुणेच्या शेळ्या एकूण २०, म्हणून सारा कळप अंदाजे १००. डॉल्फिनच्या परावरची खाच म्हणजे निसर्गानेच लावलेला चुना. ओमानच्या ८२ या आकड्यामागेही हेच गणित होते, फक्त तिथे शेपटीचे फोटो होते. मात्र दोन दिवसांच्या मधे निम्म्या शेळ्या दुसऱ्या गावी गेल्या, तर गणित फसेल. घरी परातीत हरभरे घेऊन, त्यातल्या काहींना शाई लावून हे करून पाहा. मूठ भरण्याआधी नीट कालवायला विसरलात तर उत्तर कसे चुकते तेही पाहा.

अभ्यासकांनी मच्छीमारांनाही विचारले. पिले केव्हा दिसतात, कुठल्या खाडीच्या तोंडाशी गादे येतात, हे पिढ्यान् पिढ्या समुद्रावर काढलेल्या माणसाइतके कुणाला माहीत असणार? त्याच गप्पांतून तक्रारीही निघाल्या. डॉल्फिन जाळी फाडतात, अडकलेले मासे पळवतात. फाटलेले जाळे म्हणजे पैशांचे आणि दिवसांचे नुकसान, तेव्हा ही तक्रार खोटी नाही. आणि जाळ्यात अडकलेला डॉल्फिन श्वासासाठी वर येता न आल्यामुळे गुदमरून मरतो, हेही खोटे नाही. दोघांनाही जागा तीच हवी आहे, कारण मासे तिथेच आहेत.

जगभर विखुरलेली अशी माहिती एकत्र करून, आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाशी संलग्न असलेले एक तज्ज्ञमंडळ २०१६ पासून समुद्री सस्तन प्राण्यांच्या महत्त्वाच्या जागा नकाशावर आखत आहे. मघाचे आपले प्रश्नच त्यांच्या कसोट्या आहेत: जात संकटात आहे का, तिथे ठरावीक छोटा गट कायम राहतो का, खाणे, पिलांचा जन्म किंवा प्रवास तिथे होतो का, अनेक जाती एकत्र सापडतात का. यांपैकी एका कसोटीला उतरले तरी चालते, पण पुरावा हवा आणि तो दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासायला हवा. अरबी समुद्र आणि पश्चिम हिंदी महासागरासाठी ही बैठक २०१९ च्या मार्चमध्ये ओमानमधील सलाला येथे झाली. पुढे जाहीर झालेल्या नकाशात सिंधुदुर्ग ते कारवार हा आपला पट्टाही आहे.

या रेषेला कायद्याचे बळ नाही, ती ओलांडली म्हणून कुणी पकडत नाही. मग उपयोग काय? श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांची खाण्याची जागा आणि जगातील अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग एकमेकांवर पडतात. जहाजांची धडक बसून देवमासे मरत. जागा नेमकी कळल्यावर २०२२ साली एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजे तिथून आणखी दक्षिणेने न्यायला सुरुवात केली. जागा ठाऊक नसती, तर वळवायचे कुठून आणि कुठे?

पण या नकाशातल्या रिकाम्या जागांवर फार विश्वास ठेवू नका. जिथे कुणी पाहिले नाही, तिथेही कागद कोराच राहतो. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ निळ्या देवमाशाची मादी आणि पिलू दिसले, तेव्हा सगळ्यांना केवढे आश्चर्य वाटले होते! पावसाळ्यात तर होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि समुद्र खवळलेला. पाहायला जाणार कोण? अशा वेळी डोळ्यांऐवजी कान वापरावे लागतात. हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा ध्वनिग्राहक. तो समुद्रतळाशी ठेवून दिला की रात्रंदिवस ऐकत राहतो. गोव्याच्या किनाऱ्याजवळ अशा यंत्राने कुबड्या देवमाशाचे गाणे टिपले. गातात ते नरच, तेव्हा गाणे ऐकू आले म्हणजे तिथे निदान एक नर होता हे नक्की. लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ २०१८ च्या अखेरीपासून सुमारे सव्वा वर्ष ठेवलेल्या यंत्रांत निळ्या देवमाशाचे गाणे सापडले, आणि ते सर्वांत जास्त ऐकू आले एप्रिल-मे मध्ये, म्हणजे मोसमी वारा सुरू होण्याच्या तोंडावर. त्या वेळी धाराशिवच्या शेतात नांगरटी उरकून ढेकळे तापत पडलेली असतात.