कृत्रिम गवत : खरं काम त्याच्या खाली

विरारच्या मनवेलपाड्यात घरामागे थोडी मोकळी जागा असली, की कृत्रिम गवताचा विचार मनात येतो. 'एकदा अंथरलं की बघायला नको' हा समज मात्र चुकीचा आहे.

हे गवत म्हणजे बॅकिंगवर (भोकं असलेला खालचा जाड थर) शिवलेली पॉलिथिलीनसारख्या प्लॅस्टिकची पाती. ते चहाच्या गाळणीसारखं असतं. पाणी नुसतं खाली सोडतं, पुढची वाट आपणच करून द्यावी लागते. वसई-विरारच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात ती वाट नसेल, तर खाली पाणी तुंबून कुबट वास येतो. म्हणून माझ्या मते, आधी पैसे जमिनीवर घालावेत. माती उकरून खडी आणि कच घट्ट दाबावी, मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर उतार गटाराकडे द्यावा. कोबा असेल तर बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते पाहावं.

इन्फिल (पात्यांच्या बुडाशी पसरलेली वाळू) पावसाळ्यानंतर तपासावी. पडलेली पाती कडक झाडूने उलट दिशेला झाडली की उभी राहतात. मे महिन्यात हे गवत चटका बसेल इतकं तापतं. मुलं अनवाणी खेळण्याआधी पाणी शिंपडावं. दिवाळीत पणती, फुलबाजी त्यावर नकोच, पाती वितळतात.