मोठा बल्ब, थोडा उजेड

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा रस्ता रात्रीही जागा असतो. सुगीच्या दिवसांत सोयाबीन आणि तूर भरलेले ट्रक त्या रस्त्याने ओळीने जाताना दिसतात. त्यांतलाच एक जुना ट्रक माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा. एका रात्री लातूरच्या बाजारात माल उतरवून ते परत निघाले होते. वाटेत रेडिएटरचे पाणी गळाले आणि इंजिन तापू लागले. तापमानाचा काटा वर चढला होता, परंतु मीटरबोर्डातील दिवे इतके मंद झाले होते की तो त्यांना दिसलाच नाही. बोनेटमधून वाफ येऊ लागली तेव्हा ट्रक थांबला. हेड गॅसकेट गेले आणि ऐन हंगामात ट्रक आठ दिवस उभा राहिला.

दुरुस्तीनंतर त्यांनी सर्वांत आधी मीटरचे बल्ब बदलले. जास्त उजेड पडावा म्हणून २ वॅटचे चार बल्ब काढून ५ वॅटचे चार बल्ब बसविले. मग ते माझ्याकडे आले.

“सर, उजेड वाढायचा सोडून उलट कमीच झालाय. दुकानदारानं खराब माल दिला बघा. उद्या जाऊन त्याला विचारतोच.”

मी म्हणालो, “मामा, भांडायला जाण्याआधी बल्बालाच विचारू या.”

बल्ब होल्डरमधून काढून दोन तारांनी थेट बॅटरीला जोडला. तो लख्ख पेटला! म्हणजे बल्ब निर्दोष होता. मग उजेड गेला कोठे?

परतीची वाट

विद्युत्‌प्रवाह वाहण्यासाठी मंडल पूर्ण असावे लागते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. घरातील दिव्याला दोन तारा असतात. ट्रकमधील बल्बाला मात्र बहुधा एकच तार दिसते. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह तारेने बल्बात येतो आणि बल्बातून मीटरबोर्डाच्या पत्र्यात, तेथून ट्रकच्या सांगाड्यात व शेवटी बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जातो. संपूर्ण लोखंडी सांगाडा ही जणू दुसरी तारच असते. गॅरेजमध्ये तिला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात.

ही युक्ती तांब्याची बचत करते, पण तिच्यात एक उणीव आहे. सांगाडा आणि पत्रा जेथे स्क्रूने जोडलेले असतात तेथे पावसाळ्यातील ओल शिरते आणि गंज धरतो. लोखंड विजेचे चांगले वाहक आहे, गंज नाही. त्यामुळे परतीच्या वाटेवर एक नको असलेला रोध उभा राहतो. हेडलाइटची परतीची जोडणी वेगळी असल्यामुळे ते चांगले पेटतात आणि दोष कोणाच्या ध्यानात येत नाही.

आम्ही मल्टिमीटरची एक पिन मीटरबोर्डाच्या पत्र्याला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली व दिवे चालू केले. तेथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. आले सुमारे साडेपाच व्होल्ट! १२ व्होल्टपैकी जवळजवळ निम्मे गंजातच खर्च होत होते.

हिशेब करून पाहू

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो. १२ व्होल्ट, २ वॅटचा बल्ब १/६ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा रोध ७२ ओहम झाला. असे चार बल्ब समांतर जोडले की एकत्रित रोध १८ ओहम होतो. गंजाचा रोध ६ ओहम धरू. एकूण रोध २४ ओहम, प्रवाह अर्धा अँपिअर. बल्बांच्या वाट्याला ९ व्होल्ट येतात, ३ व्होल्ट गंज खातो.

आता ५ वॅटचे बल्ब लावा. चारांचा एकत्रित रोध फक्त ७.२ ओहम. गंज तेवढाच, ६ ओहम. एकूण १३.२ ओहम, प्रवाह सुमारे ०.९१ अँपिअर. बल्बांना मिळाले जेमतेम साडेसहा व्होल्ट आणि गंजाने घेतले साडेपाच!

तंतूच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने कमी होतो. तो साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. व्होल्टेज एक दशांशाने घटले तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. कारण तंतू थोडा थंड झाला की त्याचे प्रारण एकंदरीत कमी होते, शिवाय उरलेल्यातला मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांकडे झुकतो. म्हणूनच मंद बल्ब तांबूस दिसतो.

या नियमाने २ वॅटचे बल्ब आपल्या पूर्ण प्रकाशाच्या सुमारे ३८ टक्के उजेड देत होते. ५ वॅटचे बल्ब फक्त १३ टक्के देतात. ५ वॅटच्या बल्बाचा पूर्ण प्रकाश अडीचपट धरला, तरी १३ गुणिले अडीच म्हणजे सुमारे ३२. मोठा बल्ब लावून ३८ चे ३२ झाले! तंतू थंड असताना त्याचा रोधही कमी होतो. तो येथे स्थिर धरला आहे. प्रत्यक्षात मोठ्या बल्बाची स्थिती याहूनही वाईट असते.

गाळाने तुंबलेल्या पाटावर आणखी वाफे धरले, तर पिकाला पाणी जास्त मिळेल का? आधी पाटातला गाळच काढावा लागेल.

दुरुस्ती

आम्ही प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडले. हा क्रम महत्त्वाचा आहे. धन टोक आधी सोडताना पाना सांगाड्याला लागला तर मोठी ठिणगी पडते. मग मीटरबोर्ड सोडवून अर्थचा स्क्रू काढला, गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला आणि स्क्रू घट्ट आवळला. होल्डरमधील हिरवट झालेले पितळी संपर्क घासले. मीटरच्या काचेवरील धूळ पुसली. जुन्या बल्बांपैकी एकाची काच आतून काळी पडली होती. तंतूतील टंगस्टनचे बाष्प काचेवर बसल्याने असे होते. तो बल्ब तेवढा बदलला. बाकीचे तीन जुनेच बसविले, २ वॅटचेच.

५ वॅटचे का नाही? आता त्यांनी उजेड नक्कीच जास्त दिला असता. पण लहानशा बंद जागेत उष्णताही अडीचपट झाली असती, आणि तिने प्लॅस्टिकचे होल्डर मऊ पडतात, तबकडीवरील रंग उडतो. बल्ब घेताना व्होल्टेजही पाहावे. काही ट्रकांत दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्टची यंत्रणा केलेली असते. १२ व्होल्टच्या ट्रकात चुकून २४ व्होल्टचा बल्ब बसला तर तो पेटतो खरा, पण सुमारे दहावा हिस्साच प्रकाश देतो.

एलईडी लावावा काय?

आज बाजारात याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी मिळतात. पांढऱ्या एलईडीचा पाया असलेल्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा दिवा थोड्या विजेवर पुष्कळ प्रकाश देतो. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, बऱ्याच एलईडींना दिशा असते. उलटे बसले तर ते पेटत नाहीत. काढून फिरवून लावावे लागतात. दुसरी, चार्जिंगचा लाल दिवा बदलू नये. पुष्कळ जुन्या वाहनांत त्या बल्बातून जाणारा प्रवाहच आल्टरनेटरला सुरुवातीचे चुंबकत्व देतो. तेथे एलईडी लावला तर प्रवाह अपुरा पडून बॅटरी चार्ज होईनाशी होऊ शकते.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. एलईडी इतका थोडा प्रवाह घेतो की गंजलेल्या अर्थवरही तो झकास पेटतो. दोष झाकला जातो, जात नाही. त्याच अर्थवर चालणारे डिझेलचे, तापमानाचे काटे मात्र चुकीचे आकडे दाखवीत राहतात. दिवे लावताच डिझेलचा काटा हलत असेल तर अर्थ तपासावा. उजळ तबकडीवरचा खोटा आकडा अंधारापेक्षा धोक्याचा!

आणि उजेड किती असावा? काटा एका दृष्टिक्षेपात वाचता येईल एवढाच. आपल्या डोळ्याला अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला २० ते ३० मिनिटे लागतात. समोरच झगझगीत तबकडी असेल तर ही तयारी मोडते, तिचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि रस्त्याच्या कडेने जाणारी विनादिव्याची बैलगाडी दिसत नाही.

त्या संध्याकाळी मामांनी दिवे लावले. सगळे काटे स्पष्ट दिसू लागले. “म्हणजे दुकानदार बिचारा खरा होता तर,” ते हसून म्हणाले. दुसऱ्या रात्री ट्रक पुन्हा लातूरच्या वाटेला लागला.

करून पाहा

टॉर्चचे दोन सेल एकसर जोडा. पेन्सिल उभी चिरून आतले शिसे मोकळे करा. सेल, शिशाचा एक तुकडा आणि टॉर्चचा तंतूचा लहान बल्ब यांचे मंडल तयार करा. शिशावरून तार सरकवून बल्ब मध्यम पेटेल अशी जागा शोधा. आता पहिल्या बल्बाला समांतर तसाच दुसरा बल्ब जोडा. पहिला बल्ब मंद होतो, हे पाहा. शिसे म्हणजे आपला गंज. ते काढून थेट तार जोडा आणि दोन्ही बल्ब पाहा.

हा प्रयोग टॉर्चच्या सेलवरच करावा. घरातील वीज किंवा ट्रकची बॅटरी यांवर कधीही करू नये.