लॉकवाला पीसी आणि सांबा

लग्नसराई तोंडावर आली की खामगाव, मलकापूर, चिखलीच्या छपाईवाल्यांकडे बसायला जागा मिळत नाही. काउंटरवर पत्रिकांचे नमुने, आतल्या खोलीत डीटीपीचे दोन-तीन कॉम्प्युटर. त्यातला एखादा अजूनही पिवळट पडलेल्या कॅबिनेटचा असतो. त्यावर विंडोज ९८ नाहीतर एक्सपी, आणि मागे प्रिंटरच्या पोर्टला खोचलेला 'लॉक'. हे अंगठ्याएवढं प्लास्टिक काढलं, तर मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतच नाही.

आत पेजमेकर, पानं बांधायचं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, अडोबीने २००१मध्ये काढली आणि पुढे नाद सोडला. दुकानदाराला कसा सोडता येईल? वर्षानुवर्षांच्या पत्रिका, पावत्या, पतसंस्थांचे अहवाल त्यातच बांधलेले. त्या काळचे फॉन्ट युनिकोडचे नव्हते. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली, की आमंत्रणाच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून 'तो डबा भंगारात घाला' असं सांगणाऱ्याचं मालक ऐकत नाही, आणि माझ्या मते शहाणपणाच करतो.

अडचण वेगळीच आहे. जुन्यावर बांधलेलं पान नव्या लॅपटॉपवर न्यायचं कसं? फ्लॉपी गेली. विंडोज ९८ला ड्रायव्हर घातल्याशिवाय पेनड्राइव्ह कळत नाही. राहिली केबल आणि शेअर केलेला फोल्डर. पण नव्या विंडोजवर तोही उघडेनासा झाला.

हा फोल्डर एकमेकांना दाखवण्याची जी ठरलेली बोली आहे, ती एसएमबी. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये ती जन्मली आणि मायक्रोसॉफ्टने वाढवली. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती येते. दुसरी विस्टाबरोबर आली. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधल्या त्या पहिल्या आवृत्तीच्या भोकातून जगभरचे कॉम्प्युटर ओलीस धरले. भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच आला होता, पण तो घातला किती जणांनी? त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १०ने पहिली एसएमबी काढून टाकायला सुरुवात केली.

दुकानात मग सोपा उपाय होतो. कुणीतरी येतो, नव्या मशीनच्या 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी १वर टिक करतो, दोन-तीनशे घेतो आणि जातो. फोल्डर दिसू लागतो. त्याच मशीनवर टॅली असते, जीएसटीचं काम असतं, बँक असते. एका पत्रिकेपायी अख्ख्या दुकानाचं दार सताड उघडं ठेवायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

त्याहून बरी सोय फुकटात मिळते: हीच एसएमबी बोलणारा सर्व्हर, नाव सांबा. कॅनबेराच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपला डॉसवाला पीसी युनिक्सच्या मशीनला जोडायचा होता. नियमांचा कागद हाताशी नव्हता. त्याने तारेवरून काय जातं आणि काय येतं ते टिपलं, आणि १९९२च्या जानेवारीत पहिला सर्व्हर लोकांना देऊन टाकला. भाषा न येणारा माणूस परक्या गावच्या हॉटेलात बसून, कोण काय मागतो नि वेटर काय आणतो हे बघत शिकतो, तसंच हे काम, असं तो पुढे समजावून सांगे. मायक्रोसॉफ्टचे अधिकृत कागद सांबावाल्यांच्या हाती पडले ते २००७च्या डिसेंबरात, युरोपातल्या कोर्टाने कंपनीचं म्हणणं फेटाळल्यावर. तेही १०,००० युरो मोजून.

दुकानात करायचं ते एवढंच. कोपऱ्यात पडलेल्या एखाद्या पीसीवर लिनक्स टाकायचं, त्यावर सांबा. सांबानेही २०१९च्या ४.११पासून जुनी बोली आपणहून बंद ठेवली आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल'पुढे 'एनटी१' लिहिलं की ती सुरू होते. आता एक्सपी या सर्व्हरशी जुन्यात बोलतो, लॅपटॉप नव्यात, आणि दोघांना एकच फोल्डर दिसतो. लॅपटॉपवर कसलीही टिक करावी लागत नाही. एक्सपीचं इंटरनेट तोडायचं आणि त्याचं स्वतःचं फाइल शेअरिंगही बंद ठेवायचं; त्याने फक्त मागावं, कुणाला काही देऊ नये. सांबा अपडेट ठेवायला मात्र आळस नको, कारण २०१७च्याच मे महिन्यात त्यातही एक मोठं भोक सापडलं होतं.

पासवर्डचा घोळ उरतो. एक्सपीला सिक्युरिटी पॉलिसीत फक्त एनटीएलएम व्ही२ या त्यातल्या त्यात भक्कम पद्धतीने उत्तर द्यायला सांगता येतं, तेवढं करावंच. विंडोज ९८ मुळात जुन्या लॅन मॅनेजरच्या पद्धतीने पासवर्डवरून उत्तर तयार करतं: सगळी अक्षरं कॅपिटल करून, सात-सातचे दोन तुकडे पाडून. फोडणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं. त्यासाठी सांबात आणखी एक कडी काढावी लागते. म्हणून ९८वाल्याने त्याचा पासवर्ड निराळा ठेवावा, आणि त्याला उघडणारा फोल्डरही फक्त पत्रिकांचा असावा. हिशेबाचा नको.

आणि लॅपटॉपवरून सेव्ह करताना फाइलचं नाव मराठीत देण्याचा मोह ९८वाल्या दुकानात आवरावा. विंडोज ९८ला युनिकोडमधली नावं वाचता येत नाहीत. 'देशमुख पत्रिका' तिथे ओळखू येणार नाही अशा वेड्यावाकड्या नावाने दिसते. आडनाव आणि तारीख साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, लिहिली की दोन्हीकडे तेच दिसतं.