शालीचे माहेर



व्याख्यानमालांची एक जुनी रीत आहे. वक्त्याचे भाषण बरे होवो वा न होवो, त्याच्या खांद्यावर शाल पडते आणि हातात नारळ येतो. आत्ताच आपण मलाही तो मान दिलात. नारळ कोठून येतो हे आपण सारे जाणतो. कोकण काही परके नाही. परंतु शाल कोठून येते हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. ही शाल साध्या लोकरीची आहे, आणि या दिवसांत ती पांघरून बोलण्याचे धाडस मी करणार नाही. पण शालींची राणी म्हणतात त्या पश्मिन्याचे माहेर शोधत मी एकदा लडाखच्या चांगथांग भागात, कोरझोकच्या खोऱ्यात जाऊन आलो. तेथील माणसांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

लेहहून आग्नेयेस, सिंधू नदीच्या काठाकाठाने रस्ता जातो. उपशी मागे पडते, चुमाथांगचे उन्हाळे लागतात, माहे येथे पूल ओलांडून आपण सिंधूचा निरोप घेतो. आणि दिवस कलण्याच्या सुमारास एकाएकी समोर निळाशार त्सो मोरिरी सरोवर उभे राहते. त्याच्या काठी कोरझोक हे गाव, एक जुना बौद्ध मठ, आणि गावामागे वर चढत गेलेले एक खोरे. त्याला कोरझोक-फू म्हणतात. उंची सुमारे 4,500 मीटर. आपली कळसूबाई 1,646 मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याच्या पावणेतीनपट उंचीवर हे लोक संसार थाटतात! तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्याहून थोडाच अधिक. पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. नवख्या माणसाने लेहला दोन-तीन दिवस विसावा घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. मी तो घेतला होता, तरीही शंभर पावले चढलो की बसावयाला दगड शोधत असे. माझ्याबरोबरची दहा वर्षांची पोर मात्र करडांमागे धावत होती.

हे लोक म्हणजे चांगपा. 1989 साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. शेळ्या, मेंढ्या आणि याक हे त्यांचे धन. याकच्या केसांपासून विणलेला काळा तंबू, ज्याला ते रेबो म्हणतात, हे त्यांचे घर. आता कापडी पांढरे तंबू पुष्कळ दिसतात, कारण ते हलके असतात. पण थंडीवाऱ्यात रेबोची सर त्यांना नाही. विणकाम स्त्रिया आणि पुरुष दोघेही करतात, मात्र दोघांचे माग वेगळे. स्त्रीचा माग कमरेला पट्ट्याने बांधलेला, पुरुषाचा माग वेगळ्या बांधणीचा. तंबूच्या पट्ट्या आणि ओझ्याच्या पिशव्या पुरुषांच्या मागावर निघतात.

अशा लोकांना आपण एका शब्दात ‘भटके’ म्हणून मोकळे होतो. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे, की तो शब्द चुकीचा आहे. भटकतो तो, ज्याला कोठे जावयाचे हे ठाऊक नसते. चांगपा कुटुंब वर्षातून अनेकदा तंबू हलवते, पण कोणत्या महिन्यात कोणत्या कुरणावर जावयाचे हे ठरलेले असते. गावाचा एक मुखिया असतो, त्याला गोबा म्हणतात. तो आणि जाणती मंडळी मिळून कोणते कुटुंब कोठे उतरेल ते ठरवतात. आणि सर्वांत कडक नियम असा, की हिवाळ्याच्या कुरणात उन्हाळ्यात जनावर घालावयाचे नाही. कारण उघड आहे. या प्रदेशात पाऊस नावापुरताच. लेहची वर्षाची सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास. गवत उगवते ते दोन-तीन महिनेच. त्या काळात राखून ठेवलेले गवत वाळून उभे राहते, आणि त्याच्यावर पुढचे सहा महिने निभवावयाचे असतात. आपला शेतकरी कडबा कापून गंजी रचतो. चांगपा आपली गंजी न कापता डोंगरावर उभीच ठेवतो.

येथे आणखी एक नवल आहे. आपले धनगर बांधव पावसाळा सरला की कळप घेऊन कोरड्या माणदेशाकडून घाट उतरतात, कोकणच्या शेतांत मेंढ्या बसवतात, आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य मिळवतात. हिमाचलातील गद्दीही थंडी पडली की कांगड्याच्या बाजूला खाली येतात. तेव्हा चांगपाही हिवाळ्यात खाली उतरत असतील, असे मी धरून चाललो होतो. रेबोत चुलीपाशी बसलेल्या एका प्रौढ बाईंना, त्यांना सारे अमा-ले म्हणत, मी दुभाष्याकरवी तसे विचारलेही. त्या हसल्या. खाली काय आहे, त्यांनी उलट विचारले. खाली तर बर्फ साठते. तेव्हा उलगडा झाला. चांगपांचा खरा शत्रू थंडी नव्हे, बर्फ आहे. पारा शून्याखाली तीस अंशांवर गेला तरी जनावर तग धरते. पण गवतावर हातभर बर्फ बसले की ते उपाशी मरते. म्हणून हिवाळ्यासाठी ते अशी उंच, उघडी पठारे निवडतात, जेथे वारा बर्फ ठरू देत नाही. ज्या वाऱ्याने माझे दात वाजत होते, तोच त्यांचा पाठीराखा होता!

कळपाची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली. याक ओझे वाहतो, दूध देतो, केस देतो, आणि त्याच्या शेणावर चूल पेटते. त्या मुलखात सरपणाला झाड नाही. मेंढीची लोकर आणि मांस. पूर्वी याच शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्या लादून त्सो कार सरोवराचे मीठ झांस्करकडे जाई आणि बदल्यात सातू येई. रस्ते झाले, स्वस्त मीठ आले, तो व्यापार संपला. शेळी देते तो पश्म. संध्याकाळी दूध काढावयाच्या वेळी शेळ्यांना समोरासमोर, मानेत मान अडकवून दोन रांगांत एकाच दोरीने बांधतात. ते दृश्य पाहिले की वाटते, एखादी लांबलचक वेणीच घातली आहे.

आता पश्माविषयी. या शेळीच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस राठ, आणि त्यांच्या मुळाशी हिवाळ्यासाठी उगवणारी मऊ लव. ही लव म्हणजे पश्म. तिचा तंतू 12 ते 15 मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरा. वसंत सरताना ती आपोआप सुटू लागते, तेव्हा शेळीला आडवी पाडून फणीने विंचरून काढतात. एका शेळीमागे वर्षाला साधारण पाव किलो. राठ केस आणि मळ काढला की त्यातले निम्मेच उरते. म्हणजे एका शालीला दोन-तीन शेळ्यांचे सबंध वर्ष लागते.

या मूठभर लवेसाठी इतिहासात तह आणि लढाया झाल्या आहेत. 1684 च्या तिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटचा पश्म लडाखच्या वाटेने काश्मीरला जावा अशी व्यवस्था लावली. 1841 साली जोरावरसिंग डोगरा सैन्य घेऊन तिबेटवर चालून गेला, त्यामागे हा व्यापार हाती घेण्याचाही हेतू होता. तो त्याच डिसेंबरात तेथे मारला गेला. विणकर काश्मीरचे, व्यापारी दूरदूरचे. मेंढपाळाचे नाव मात्र या कथेत कोठेच येत नाही.

आज हा संसार ओढाताणीत आहे. 1959 नंतर तिबेटमधून निर्वासित पशुपालक कळपांसह आले, आणि 1962 च्या युद्धानंतर सीमेजवळची काही हिवाळी कुरणे हातची गेली. थोड्या गवतावर अधिक तोंडे आली. पश्माला पैसा मिळतो म्हणून कळपात शेळ्या वाढल्या, मेंढ्या आणि याक घटले. पण शेळी सर्वांत नाजूक. 2012-13 च्या हिवाळ्यात अवचित जबर हिमवृष्टी झाली आणि हजारो करडे दगावली. 2023 मध्ये लडाखच्या पठारावरील प्रचंड सौरऊर्जा योजनेच्या वीजवाहिनीला मंजुरी मिळाली, तेव्हा आपल्या कुरणांचे काय, असा प्रश्न चांगपांनी विचारला. तो रास्तच आहे. कागदावर जी पडीक जमीन असते, ती त्यांची उभी गंजी असते.

तरी मला वाटते, सर्वांत मोठा प्रश्न गवताचा नाही, माणसांचा आहे. शेजारच्या खारनाक भागातील बहुतेक कुटुंबे कळप विकून लेहजवळ खारनाकलिंग वस्तीत राहावयास गेली. का? मुलांची शाळा, दवाखाना, म्हातारपणीची ऊब. यातले कोणते कारण आपण चूक म्हणणार? पुगा येथे निवासी शाळा आहे. पण मूल शाळेत राहिले की कळपामागे राहत नाही, आणि कोणत्या वाऱ्याला कोणते पठार मोकळे राहते हे पुस्तकात लिहिलेले नाही. अमा-लेंचा मुलगा लेहमध्ये मोटार चालवतो. तो परत येईल का, असे मी विचारले. त्यांनी माझ्या पेल्यात पुन्हा लोणी-मिठाचा चहा ओतला आणि म्हणाल्या, “उन्हाळ्यात येतो.” हिवाळ्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

आपण दूरचे लोक काय करणार? दोन गोष्टी सहज करता येतील. त्या खोऱ्यात गेलात तर मोटार रस्त्यावरच ठेवा. चाकाखाली चिरडलेले ते गवत पुन्हा उभे राहावयास वर्षे घेते. विचारल्याशिवाय तंबूत शिरू नका, विचारल्यावर मात्र चहा नाकारू नका. आणि बाजारात ‘पश्मिना’ म्हणून काही शेकड्यांत शाल मिळाली, तर ती पश्मिना नव्हे हे ओळखा. लडाखच्या पश्मिन्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खऱ्या मालाची खरी किंमत मोजली, तर तिचा थोडा अंश तरी त्या तंबूपर्यंत पोहोचण्याची आशा धरता येते.

पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर आपण शाल घालाल. तेव्हा क्षणभर त्या उंच पठारावरच्या वाऱ्याची आणि त्यात उभ्या असलेल्या माणसाची आठवण करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.